सतरावा जोड

१

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास सिद्धखडक साखर कारखान्यात चाळीस फुटांवरून एक दिवा खाली आला. मोठा फ्लडलाइट, त्याचं लोखंडी ब्रॅकेट आणि हातभर पाइप, सगळं मिळून अठरा किलो. खाली शहादेव गित्ते उभा होता. डोक्यावर हेल्मेट होतं, पण अठरा किलोंपुढं त्याचं काही चाललं नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तो गेला होता.

शहादेव सिरसाळ्याचा. वय सेहेचाळीस, एकोणीस वर्षांचा जुना फिटर. त्याची बायको सुनिता हिनं पोलिसांपुढं दिलेला जबाब चारच ओळींचा होता. त्यातली शेवटची ओळ अशी, 'माझा नवरा कामाच्या येळेला कुठं बसत नव्हता.'

तिनं तसं सांगायला कारण होतं. कारखान्याच्या कागदावर लिहिलं होतं की शहादेव काम सोडून, तंबाखू मळत, मनाई असलेल्या जागी उभा होता.

शनिवारी सकाळी औद्योगिक सुरक्षा खात्याच्या अधिकारी मुनिरा पठाण बीडहून आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, बोलायला हळू. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला नवा कोरा ध्वजकट्टा लागतो. त्याच्या संगमरवरी पाटीवर 'बॉयलर अग्निप्रदीपन सोहळ्यानिमित्त, २० ऑक्टोबर' असं कोरलेलं होतं. कट्ट्याच्या पलीकडं, बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या उंच गॅलरीखाली, जमिनीवर चुन्यानं एक वर्तुळ आखलं होतं. दिवा पडला ती जागा.

मुख्य अभियंता अर्जुनराव यांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं. उंच, करड्या मिशांचे, घाईत असलेले.

"मॅडम, यात शोधायचं काही नाही," ते म्हणाले. "वेल्डिंगचा जोड कच्चा होता. आठ वर्षांपूर्वी आमच्या पाशानं केलेला. त्याला कामावरून थांबवलंय. सप्टेंबरात सगळ्या जोडांची तपासणी झाली, जे खराब निघाले ते दुरुस्त झाले. हे रजिस्टर. यात त्या दिव्याची तक्रारच नाही. म्हणजे वरून तो चांगला दिसत होता आणि आतून कच्चा होता."

"ब्रॅकेट बघू या का आधी?" मुनिरा म्हणाल्या.

ते स्टोअरमध्ये पोत्यावर ठेवलं होतं. मुनिरांच्या वडिलांचं बीडला बसस्टँडामागं वेल्डिंगचं दुकान होतं. तुटलेले नांगर, ट्रॉलीचे साटे, खाटांचे पाय तिथं यायचे. अब्बा कधीच लगेच जोडायला बसायचे नाहीत. आधी तुटलेला भाग उन्हात धरून बघायचे. लोखंड कधी तुटलं, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं, म्हणायचे.

मुनिरांनी ब्रॅकेट दारातल्या उन्हात धरलं. तुटलेल्या तोंडाचा एक भाग लख्ख, दाणेदार, कालपरवा तुटलेला. पण तो तिसरा हिस्सासुद्धा नव्हता. उरलेला सगळा तपकिरी-काळा, गंजानं पापुद्रे सुटलेला. तो तडा जुना होता, महिनोन् महिने उघडा राहिलेला.

यात नवल नव्हतं. पट्ट्यावरून ओला बगॅस पडतो, जोडाच्या बेचक्यात साचून आंबतो, आणि ती ओल लोखंड आतून खाते.

नवल पुढं होतं. त्या गंजलेल्या भागात, बोटाच्या पेराएवढं आत, चंदेरी रंग शिरलेला होता.

"हा रंग कधी दिला?" त्यांनी विचारलं.

"सोहळ्याआधी. अठरा-एकोणीस ऑक्टोबरला."

मुनिरांनी ब्रॅकेट पोत्यावर ठेवलं. "अर्जुनराव, रंग बंद जोडात शिरत नाही. रंग दिला त्या दिवशी हा तडा उघडा होता. रंगवणाऱ्याचा ब्रश त्यावरून फिरलाय."

२

रंगकामाचा ठेकेदार रामहरी धर्मापुरीचा. त्याला बोलावलं तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्याकडंच बघत राहिला.

"दोन दिसात अख्खी गॅलरी चंदेरी करायची व्हती, मॅडम. पोरं शिडीवर आन् मी खाली. तडा बिडा कोन बघतंय?"

"गंज खरवडला नव्हता?"

"जिथं सांगितलं तिथं खरवडला."

"आणि तिथं दुसरं काही दिसलं? रंगाच्या आधी?"

रामहरीनं टोपीची घडी मोडली. "पिवळं काहीतरी व्हतं. गोल. असले गोल लई ठिकाणी व्हते, आकडे घातलेले. पोरांनी मला इचारलं, हे राहू द्यायचं का? मी साहेबाला इचारलं. साहेब म्हणले, सगळं एकसारखं चंदेरी दिसलं पाहिजे."

"कोणते साहेब?"

त्यानं बंद दाराकडं बघितलं. "अर्जुनराव साहेब."

अर्जुनरावांनी ते नाकारलं नाही. "म्हणालो असेन. पाहुणे येणार होते. त्या खुणा दुरुस्तीसाठीच्या होत्या आणि दुरुस्ती संपली होती. मग खुणा कशाला ठेवायच्या?"

"संपली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सुरक्षा पर्यवेक्षकानं. रामप्रसादनं. अठरा तारखेचा दाखला आहे त्याच्या सहीचा, त्यावर माझी सही आहे."

"तुम्ही वर जाऊन बघितलं?"

"मॅडम, माझ्याकडं पूर्ण कारखाना आहे," अर्जुनराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मान ताठ झाली होती.

रामप्रसाद बाहेर व्हरांड्यातच उभा होता. पन्नाशीचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मुनिरांनी त्याला खुणांबद्दल विचारलं तेव्हा त्यानं सरळ उत्तर दिलं.

"शहादेव फिरायचा, ठोकून बघायचा. खराब जोड दिसला की पिवळा गोल करून आकडा टाकायचा आणि खाली येऊन मला सांगायचा. मी रजिस्टरला लिहायचो. दहा सप्टेंबरची ती यादी आहे. बावीस जोड निघाले. बावीसच्या बावीस पाशाकडून करून घेतले. वर त्या प्रत्येकाला तारसुद्धा बांधायला लावली, जोड सुटला तरी वस्तू लटकून राहावी म्हणून. त्यासाठी साहेबांशी वर्षभर भांडलोय मी. हे विचारा कुणालाही."

"जो दिवा पडला त्याला तार नव्हती."

"त्याला गोल नव्हता मॅडम. बावीसमध्ये तो नव्हता."

"रामहरी म्हणतो, होता."

रामप्रसादच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "रंगाऱ्याला काय कळतंय कोणता दिवा कोणता," तो म्हणाला. "आता तर सगळं चंदेरी आहे."

३

पट्टा गुरुवारपासून बंदच होता. मुनिरांनी कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधला, जाळीच्या जिन्यानं गॅलरीवर चढल्या. बरोबर फक्त एक बोथट पटाशी आणि रजिस्टर. खाली ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची रांग सिरसाळ्याच्या रस्त्यापर्यंत गेली होती.

दिवा तुटला त्या जागी तुळईवर जोडाचा अर्धा तुकडा अजून चिकटून होता. त्यांनी त्याच्या शेजारी अंगठा फिरवला. चंदेरी रंगाखाली काहीतरी उंचवटा लागला. कुणीतरी तैलरंगानं जाड ब्रशनं काढलेलं होतं आणि वरचा पातळ हात ते लपवू शकला नव्हता. पटाशीनं हळूच खरवडल्यावर पिवळा गोल निघाला. आत मराठी आकडा होता, १७.

रामहरी खरं बोलला होता. शहादेवला हा तडा सापडला होता.

मग मुनिरांनी उलट दिशेनं सुरुवात केली. पहिल्या तुळईपासून एकेक जागा. अंगठा फिरवायचा, उंचवटा लागला की खरवडायचं. १, २, ३. प्रत्येक ठिकाणी जोड नवा, भरलेला, सफाईदार. वितळलेल्या धातूच्या लहरी एकसारख्या, हात न थरथरता केलेल्या. प्रत्येकाला बोटाएवढी जाड तार, दोन चिमट्यांनी आवळलेली. असं काम करणारा माणूस कच्चा जोड करत नाही, हे बघताक्षणी कळत होतं. आठ वर्षं ओल्या बगॅसखाली राहिलं की चांगलाही जोड खचतो, एवढीच गोष्ट होती.

सोळापर्यंत रजिस्टर आणि तुळया जुळत गेल्या. मग सतरा, तुटलेला. त्याच्या पुढची जागा ध्वजकट्ट्याच्या बरोबर वर होती, पाण्याच्या पाइपाचा आधार. तिथं तुळईवर आकडा निघाला १८.

रजिस्टरमध्ये त्याच जागेपुढं लिहिलं होतं, '१७. ध्वजकट्ट्यावरील पाण्याच्या पाइपाचा आधार.'

मुनिरा पुढं सरकल्या. तुळईवर १९, रजिस्टरला १८. तुळईवर २०, रजिस्टरला १९. शेवटच्या टोकाला, चिमणीच्या बाजूला, तुळईवर २३ होता आणि रजिस्टरला २२.

दुपारचा एक वाजला होता. त्या जाळीवर बसल्या आणि रजिस्टरचं ते पान पुन्हा वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, सावकाश. सतराव्या ओळीवर परत आल्या. तिथं थांबल्या. मग कठड्यावरून वाकून खाली ध्वजकट्ट्याकडं बघितलं आणि पान मिटलं.

आता त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. तेवीसपैकी बावीस इतके चोख झाले, तर सतराच का राहिला? आणि ज्याला तो तडा सगळ्यात आधी माहीत होता, तो शहादेव बरोबर त्याच्याच खाली का गेला?

४

पाशा कारखान्याच्या वसाहतीत राहायचा. साठीला आलेला, डोळे कायम लाल, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे जुने डाग. तो ओट्यावर बसला होता. बायकोनं पाणी आणून दिलं आणि दाराआड उभी राहिली.

"पाशाभाई, तुमचे बावीस जोड बघून आले," मुनिरा म्हणाल्या. "असं काम आमचे अब्बा करायचे."

पाशानं मान खाली घातली.

"तुम्ही ज्या क्रमानं गेलात त्यात सोळानंतर अठरा येतो. तुळईवर आकडे होते, तुम्हाला दिसले असणार."

"दिसले."

"मग सतरा कुठं गेला, असं तुम्ही कुणाला विचारलं का?"

 तो म्हणाला, "एकदा इचारलं, बाई. पुन्यांदा न्हाई इचारलं. तोच माझा गुन्हा हाय. आमी हातातलं काम करून मोकळे झालो."

"कुणाला विचारलं?"

"ते माझ्या तोंडून नका काढू. या कारखान्यात वर मान करून बघणारा एकच माणूस भेटला मला इतक्या सालात. बाकीचे सगळे खाली बघून चालतात." तो उठला आणि आत गेला. मुनिरांनी पुन्हा हाक मारली नाही. सोमवारी-मंगळवारी तो कुठं होता एवढंच त्याच्या बायकोला विचारलं. बीडला, भाचीच्या लग्नाला. बुधवारी सकाळी परतला.

बगॅस यार्डात चार बायका खराट्यानं भुसा ओढत होत्या. त्यातली छबुबाई वयानं मोठी. ती सांगायला आधी तयार नव्हती. मुनिरा तिच्याशेजारी भुश्यावरच बसल्या, तेव्हा तिनं खराटा बाजूला ठेवला.

"गॅलरीखाली सावली असती. आमी चौघी तिथं भाकरी खातो. मागच्या सोमवारी दुपारी शहादेवभाऊंनी तिथं फीत बांधली, लाल-पांढरी. म्हणले, बायांनो, आजपासून हितं बसू नका. आमी उठलो. मंगळवारी सकाळी आलो तर फीत न्हाई. खांबाला नुसत्या गाठी. कशानं तरी कापलेली. आमाला वाटलं काम झालं आसंल. बसाया लागलो पुन्हा."

"शहादेव काही बोलले?"

"मंगळवारी आले, बुधवारी आले. जेवणाच्या येळेला यायचे आन् आमाला उठवायचे. आमी म्हणलो, भाऊ, कावून उठवता, फीत तर काढली की. तर म्हणले, मी सांगतो म्हनून उठा." ती थांबली. पदर तोंडाला लावून तिनं दुसरीकडं बघितलं. "गुरुवारी पट्टा लई जोरात चालू व्हता. आख्खी गॅलरी थरथरत व्हती. ते पळत आले. उठा, उठा म्हणत. आमी डबे उचलले, पन्नास पावलं गेलो आसंल. मागनं आवाज आला."

"ते तुमच्याबरोबर का नाही आले?"

"त्यांच्या हातात ती फीत व्हती. पहिल्या खांबाला बांधत व्हते."

मुनिरांनी पंचनाम्याची प्रत उघडली. मयताजवळ सापडलेल्या वस्तूंमध्ये एक ओळ होती, जिच्याकडं कुणी लक्ष दिलं नव्हतं. 'लाल-पांढरी प्लास्टिक फीत, कापलेले दोन तुकडे गाठ मारून जोडलेले.' तंबाखूची पुडी खिशात होती, हातात नव्हती.

"हे तुम्ही पोलिसांना का सांगितलं नाही?"

"आमाला कुनी इचारलंच न्हाई," छबुबाई म्हणाली.

परतताना मुनिरा फाटकावर थांबल्या आणि पहारेकऱ्याकडून आल्यागेल्याची वही मागून घेतली. अर्जुनराव रविवारी सकाळी पुण्याला गेले होते. मंगळवारी दुपारी तीनला परत आले होते.

५

साडेचारला केबिनमध्ये चौघं बसले होते. अर्जुनराव, रामप्रसाद, रामहरी आणि दाराजवळ पाशा. मुनिरांनी रजिस्टर टेबलावर मधोमध ठेवलं.

"शहादेवनं तेवीस जोड शोधले होते," त्या म्हणाल्या. "आकडे अजून तुळयांवर आहेत, रंगाखाली. या रजिस्टरमध्ये बावीस आहेत. सोळापर्यंत दोन्ही जुळतात. तिथून पुढं प्रत्येक आकडा एकानं मागं आहे. मधला एक काढून टाकला आणि खालचे सगळे वर सरकवले, म्हणजे फट दिसू नये. काढलेला तो पडलेला दिवा."

"शहादेवचीच आकडे टाकताना चूक झाली असेल," रामप्रसाद म्हणाला.

"असं होऊ शकतं. म्हणून मी सतरावी ओळ पुन्हा वाचली. 'ध्वजकट्ट्यावरील पाण्याच्या पाइपाचा आधार.' पानावर तारीख दहा सप्टेंबर. अर्जुनराव, ध्वजकट्ट्याचं काम कधी सुरू झालं?"

अर्जुनरावांनी रजिस्टर स्वतःकडं ओढलं. ती ओळ वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. "ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात," ते सावकाश म्हणाले. "सप्टेंबरात तिथं मोकळी जागा होती."

"म्हणजे हे पान सप्टेंबरात लिहिलेलं नाही. जो कट्टा नव्हता त्याचं नाव लिहिणाऱ्याच्या हातून सहज गेलं, कारण लिहिताना तो खिडकीतून दिसत होता. आणि तेवीसमधून नेमका हाच जोड काढायचा हे दिवा पडल्यावरच कळू शकतं. गुरुवार दुपार ते आज सकाळ, या दरम्यान नवं रजिस्टर तयार झालं."

 बाहेर एका ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत राहिला.

"अक्षर रामप्रसादचं आहे, पण अक्षर कुणाला सांगूनही लिहून घेता येतं. आधी माझा संशय अर्जुनरावांवर होता. खुणा रंगवायला त्यांनीच सांगितलं होतं. पण मग फीत आली. शहादेवनं सोमवारी दुपारी त्या जागी फीत बांधली आणि मंगळवारी सकाळपर्यंत ती कुणीतरी कापली. अर्जुनराव तेव्हा पुण्यात होते. पाशाभाई बीडला. रामहरीचं काम ऑक्टोबरात संपलंय, त्याला फाटकातून आत यायचं कारण नाही. आणि मुळात, धोक्याच्या जागेची फीत कोण कापेल? ज्याला धोका माहीत नाही तो कापणार नाही, तो वळसा घालून जाईल. फितीची भीती एकालाच होती. मंगळवारी साहेब परत येणार, फीत बघणार आणि विचारणार, इथं काय आहे? आणि ज्यानं 'सगळे जोड पूर्ण' असा दाखला सही करून दिला होता, त्याला उत्तर द्यावं लागणार."

रामप्रसादनं खिशातली दोन्ही पेनं काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. हात कशात तरी गुंतवायचा म्हणून ठेवल्यासारखी.

"सोळा तारखेला मंडप घातला," तो म्हणाला. "सतरा बरोबर मंडपावर येत होता. खाली कापड, वर वेल्डिंगच्या ठिणग्या. पाशानं विचारलं, मी म्हणालो, कार्यक्रमानंतर करू. मंडपाच्या बाहेरचे त्यानं केले. अठराला साहेबांनी विचारलं, झाले का सगळे? बावीस झाले होते. एकासाठी नाही म्हणायचं जिवावर आलं. वर्षभर भांडून मी ते काम मंजूर करून घेतलं होतं, आणि वेळेत झालं नाही असं माझ्याच तोंडानं सांगायचं? म्हणालो, झाले."

"वीस तारखेनंतर मंडप निघाला," मुनिरा म्हणाल्या.

"निघाला. पण आता परांची बांधायची तर परवानगीचा कागद साहेबांकडं जाणार. कशासाठी म्हणून विचारणार. आज सांगतो, उद्या सांगतो असं करता करता गाळप सुरू झालं. शहादेवनं तीनदा आठवण केली. तिसऱ्या वेळी मी त्याच्यावर खेकसलो." तो पेनांकडं बघत होता. "तो मला दादा म्हणायचा. त्यानं वर कुणाला सांगितलं नाही. फीत बांधली. मी सोमवारी संध्याकाळी कापली. रविवारी पट्टा बंद असतो, तेव्हा दोघं मिळून चुपचाप तार बांधू, असं त्याला बुधवारी म्हणालो. चार दिवसांचा प्रश्न होता."

"आणि तो तंबाखू मळत उभा होता, हे कुणी लिहिलं?"

 पाशा दाराजवळून म्हणाला, "दादा, ते कावून लिहिलंत?" तेवढंच. रामप्रसादनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

अर्जुनरावांनी खुर्ची मागं सारली. "मला सांगितलं असतं तर मी काय फाशी दिली असती याला?"

"तुमचंही नाव अहवालात आहे," मुनिरा शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला 'पूर्ण' हा शब्द वाचायचा होता. वर चढायला अर्धा तास लागतो. तुम्ही न चढता सही केलीत आणि खुणा पुसायला सांगितल्यात. एक माणूस खोटं बोलला, पण ते खपेल हे त्याला माहीत होतं."

मग त्यांनी लेखी आदेश काढला. गॅलरीवरची, जिन्यावरची, शेडमधली उंचावरची प्रत्येक वस्तू रंग खरवडून, ठोकून बघितल्याशिवाय आणि तारेनं बांधल्याशिवाय पट्टा चालू होणार नाही. तोपर्यंत खालची जागा बंद. खूण जो करेल तोच ती पुसेल, दुसरं कुणी नाही. अर्जुनरावांनी बाहेरच्या रांगेकडं बघितलं आणि आदेशाची प्रत घेतली.

पोलिसांची गाडी आली तेव्हा रामप्रसाद स्वतःच उठून तिच्याकडं गेला.

पाशाला कामावर परत घेतलं, तो रविवारी सकाळपासून वर होता. दुपारपर्यंत त्याला आणखी दोन जोड सापडले, शहादेवच्या तपासणीनंतर फुटलेले. त्यातला एक जिन्याच्या कठड्याचा होता, ज्याला हात लावून रोज शंभर माणसं चढायची.

६

मंगळवारी मुनिरा सिरसाळ्याला गेल्या. अहवालाची प्रत टपालानंही पाठवता आली असती. गित्त्यांचं घर बाजाराच्या मागं, दोन खोल्यांचं. अंगणात सतरंजी टाकली होती. शहादेवची आई सावित्रीबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला ऐकायला कमी येत होतं, आणि सुनिता प्रत्येक गोष्ट तिच्या कानाशी पुन्हा सांगत होती.

मुनिरांनी कागद वाचून दाखवला नाही, साध्या शब्दांत सांगितलं. तडा त्यानं शोधला होता. त्यानं तीनदा सांगितलं. फीत बांधली, ती काढली गेली. मग तो रोज स्वतः जाऊन बायकांना उठवायचा. गुरुवारीही त्यासाठीच गेला. कारखान्याच्या कागदावरची ती ओळ खोटी होती आणि ती काढायला लावली आहे.

सुनितानं सासूच्या कानाशी तोंड नेलं. पण या वेळी तिला सगळं सांगता आलं नाही. "बायांना उठवायला गेलते," एवढंच ती म्हणाली. सावित्रीबाईनं मान हलवली. तिला पोराचं यात नवल वाटलेलं दिसलं नाही.

"रामप्रसाद भाऊजी आमच्या घरी जेवलेत," सुनिता म्हणाली. "दिवाळीला आलते. तवा मंडप निघाला व्हता का?"

"निघाला होता."

"म्हंजी जेवतानी त्यांना ठाऊक व्हतं."

मुनिरांनी होकार दिला.  त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

रस्त्याच्या बाजूला कसलीशी चाहूल लागली. कुंपणापलीकडं बाभळीखाली चार बायका उभ्या होत्या. पुढं छबुबाई, मागं तिघी, डोक्यावरून पदर ओढून घेतलेल्या. सकाळपासून उभ्या होत्या की आत्ता आल्या, ते कळत नव्हतं. आत यायला त्यांचं पाऊल उचलत नव्हतं. आपण ज्याच्यामुळं उभ्या आहोत त्याच्या बायकोला तोंड कसं दाखवायचं, हे त्यांच्या उभं राहण्यातच दिसत होतं.

सुनितानं त्यांना बघितलं. ती उठली, अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली आणि फाटक उघडून धरलं.

"या," ती म्हणाली.

छबुबाई तिच्या पायाशी वाकायला गेली. सुनितानं तिला दंडाला धरून वर उचललं आणि सतरंजीवर आणून बसवलं. मग बाकीच्या तिघींना. सगळ्या बसल्यावर ती त्यांच्यासमोर बसली.

"तुमची नावं सांगा," ती म्हणाली. "आईला सांगायचीत."

"छबुबाई."

सुनितानं ते नाव सावित्रीबाईच्या कानात सांगितलं. म्हातारीनं हात पुढं केला, छबुबाईचा चेहरा चाचपला आणि पुढचं नाव ऐकायला कान तिरका केला.

"सुभद्रा," दुसरी म्हणाली.